भेंडी शिंकली त्या वर्षी

आमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात भरपूर रकाने होते. नाव, वय, ताप, ऑक्सिजन, खोकला आहे की नाही, बाहेरगावाहून आला का. तपासताना माणूस काय बोलला, याला मात्र रकाना नव्हता! त्यामुळे ते सगळं बोलणं आमच्याकडेच राहिलं. आता लसीकरणाचा दिवस असतो, बाळं रडून घरी जातात, चहा येतो आणि कोळेकर सहज म्हणतात, "सिस्टर, त्या नऊ जोड चपला आठवतात का?" झालं! एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. साथ जाऊन इतकी वर्षं झाली, पण किस्से कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललेत.

आधी आमची माणसं सांगते. मी नर्स. माहेर-सासर दोन्ही भिवंडी शहरात, वडील शाळेत क्लार्क होते. शेतीशी संबंध फक्त भाजी निवडण्यापुरता. उपकेंद्र खारबावच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आरोग्यसेवक कोळेकर सांगलीकडचे. कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी 'का बरं म्हणाला असेल?' असा विचार करणारे. आणि आमच्या आशा सेविका मंदाताई. त्या गावातल्याच, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्यांना घरातल्या माणसाआधी कळतं.

आमच्या हद्दीत आता गोदामंच जास्त, पण मध्ये मध्ये शेतं शिल्लक आहेत. उन्हाळ्यात भेंडी-काकडी, पावसात भात. कामाला जव्हार-मोखाड्याकडून टोळ्या येतात. लॉकडाउन लागला तेव्हा त्या इथेच अडकल्या. आणि सगळं बंद झालं तरी भेंडीला कोण सांगणार, बंद हो म्हणून? ती दिवसाआड तोडावीच लागते. मग वरून आदेश आला, शेतमजुरांची तपासणी करा. करणारे आम्ही तिघं.

मजुरांचा आमच्यावर विश्वास नव्हता, शेठ लोकांचा मजुरांवर नव्हता, गावाचा शेठ लोकांवर नव्हता. आणि खरं सांगू? आमचा तर कुणावरच नव्हता!

*

ताप मोजायची गन नवीनच आली होती. पहिल्या दिवशी कोळेकरांनी ती पिशवीतून बाहेर काढली आणि अर्धी टोळी बांधाच्या पलीकडे! उरल्या चार बायका, त्याही डोक्यावर पदर घट्ट ओढून.

त्यांच्यातली जनी पुढे आली. चाळिशीची असेल, आवाज खणखणीत. गनकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यानं तुमी आमच्या डोक्यातला काढून घेता ना?"

"काय काढून घेतो?" कोळेकर.

"इचार."

कोळेकरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही गं बाई, फक्त आकडा येतो."

"मंग माझा बघा. किती हायेत?"

कोळेकरांनी गन कपाळासमोर धरली. टिक वाजलं. "सत्त्याण्णव," ते म्हणाले.

जनीचा चेहरा पडला. मागे वळून बायकांना म्हणाली, "बस? एवढंच?!"

*

हरी शेठ आमच्या हद्दीतले मोठे बागायतदार. तीन गोदामं भाड्यानं दिलेली, तरी भेंडीचा मळा सोडला नव्हता. "बापाची जमीन हाय, नुसतं पत्रं ठोकून चालत न्हाय," म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण एक मजूर पॉझिटिव्ह निघाला की सगळी टोळी चौदा दिवस बंद, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चौदा दिवसांत भेंडीच्या काठ्या होतात!

आम्ही मळ्यावर पोचलो तर शेठ बांधावर एकटेच. खुर्ची टाकून बसलेले.

"शेठ, मजूर तपासायचेत."

"कोणी न्हाय, सिस्टर. मी एकटाच हाय. बघा ना."

बघितलं. बांधावर ओळीनं चपला ठेवलेल्या. कोळेकरांनी मोजल्या. नऊ जोड.

"मग या कुणाच्या?"

"माझ्याच."

"सगळ्या? ही तर बायकांची आहे, शेठ!"

शेठ जराही डगमगले नाहीत. "लॉकडाउन हाय, सिस्टर. दुकानं बंद. मानसानं साठा करून ठेवला पायजे!"

कोळेकर तर रजिस्टर मिटायला लागले. पण मंदाताई शेठच्या बाजूला बांधावर मांडी घालून बसल्या. "बसते मी जरा. ऊन लय हाय," म्हणाल्या. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मळ्यात पान हलत नव्हतं. शेठ घाम पुसत होते.

आणि भेंडीच्या चौथ्या सरीतून एक शिंक आली. दाबून धरलेली, पण सणसणीत! ती ऐकून सातव्या सरीत कुणाला तरी हसू फुटलं.

मंदाताई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "हरीदादा, तुमच्या भेंडीला सर्दी झालीय. तपासू का?"

*

त्याच मळ्यावर एक परका माणूस दिसायला लागला. उंच, सडपातळ, तोंडाला रुमाल. नाव अस्लम सांगितलं. हिंदी बोलायचा. कोळेकरांनी गाव विचारलं तर म्हणाला, "शेलार." दोन दिवसांनी परत विचारलं तर, "खारबाव." तिसऱ्या वेळी पुन्हा तिसरंच गाव! कोळेकरांनी रजिस्टरात त्याच्या नावापुढे लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं.

"हा काहीतरी लपवतोय, सिस्टर. मला पहिल्या दिवसापासून डाउट आहे."

पकडलं मंदाताईंनी. भेंडीच्या पोत्यांची तोंडं बांधायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचा हात असा फिरायचा की गाठ कधी बसली ते दिसायचंच नाही. मंदाताईंच्या नवऱ्यानं ऐन उमेदीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम केलेलं. त्यांनी पोत्याची गाठ हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, "ही गाठ शेलारची न्हाय. ही नारपोलीची हाय. तुटलेला धागा जोडतात ती."

अस्लम तिथेच खाली बसला. भिवंडीतल्या नारपोलीचा लूम बंद पडला होता, गल्ली पोलिसांनी बांबू लावून सील केली होती. खोलीत आठ जण, खायला काही नाही. पहाटे खाडीच्या कडेनं चालत तो मळ्यावर यायचा. "मॅडम, लिखना मत," म्हणाला. "नाम कट जाएगा तो ये भी गया."

न लिहून कसं चालेल? त्याच्या गल्लीत पेशंट निघाले होते. इथे आणखी अकरा माणसं त्याच्याबरोबर काम करत होती. रात्रभर मलाही झोप लागली नाही, पण दुसऱ्या दिवशी मी त्याला टेस्टला नेलंच. रिपोर्ट येईपर्यंत तो पंपाच्या खोलीत एकटा राहिला. जेवण मंदाताई दारात ठेवून यायच्या. रिपोर्ट आला. निगेटिव्ह!

मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला. कोळेकर नेहमीसारखे गन घेऊन पुढे झाले, तर हा दोन पावलं मागे सरकला.

"भाई, दूर से," अस्लम म्हणाला. "मेरे पास तो कागज है. आपके पास है क्या?"

आमच्या तिघांपैकी कुणाकडेच नव्हता.

*

हे झालं गावाकडचं. शहरात काय वेगळं होतं? आमच्या बिल्डिंगमध्ये मी रोज खेड्यात जाते म्हणून लोक माझ्यापासून लांब. खेड्यात मी रोज शहरातून येते म्हणून लोक लांब. सेक्रेटरींनी तर नोटीसच लावली होती, 'बाहेरून येणाऱ्यांनी लिफ्टला हात लावू नये.' बाहेर जाणारी अख्ख्या बिल्डिंगमध्ये मी एकटी! आणि मी राहते तळमजल्यावर.

एका रविवारी त्याच सेक्रेटरींचा फोन. "वहिनी, घरात आहात का?"

"आहे ना. या."

"नाही नाही! दार उघडू नका. जरा बीपी बघायचं होतं. मी खिडकीतून हात देतो!"

*

पावसाळा आला, आवणी सुरू झाली. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, ती आवणी. बायका एका ओळीत वाकून लावत मागे मागे येतात. आमच्या आदेशात लिहिलेलं, दोन मजुरांत सहा फूट अंतर ठेवावे. कोळेकरांनी दोरीला सहा-सहा फुटांवर गाठी मारून आणल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः चिखलात उतरले!

टोळीचा मुकादम लाडक्या. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्यानं दोरी धरायला मदत केली. सगळ्या बायका गाठींवर उभ्या केल्या. कोळेकर खूश. मी फोटो काढला.

तेवढ्यात लाडक्या शांतपणे म्हणाला, "बाई, शेतात आमी सहा फूट ऱ्हातो. खोलीत बारा जना झोपतो. तिथं कोन मापाय येतो?"

कोळेकरांनी दोरी गुंडाळायला घेतली.

आम्ही तसेच खोली बघायला गेलो. पत्र्याची खोली, एक दार, खिडकी नाही. एकाला झालं असतं तर बाराही जण गेले असते. मी हरी शेठना म्हटलं, "शेठ, तुमचं मागचं गोदाम रिकामं आहे ना? यांना तिथे झोपू द्या. निदान हवा तरी आहे."

"रिकामं? छे! माल भरलाय."

"भाडेकरू तर मार्चमध्येच गेला," मंदाताई म्हणाल्या.

"नवा माल आलाय."

"कसला?"

"तो... पॅक हाय. मना पन म्हाईत न्हाय."

आता हे हरी शेठ म्हणजे गावबंदी करणारे. रस्त्यावर बांबू त्यांनीच आडवे बांधलेले, बाहेरचं कुत्रंसुद्धा आत येता कामा नये म्हणून. शहरातून आलेल्या एका घराला त्यांनी वेशीवरून परत पाठवलं होतं. त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? आम्ही निघालो. गोदामाच्या शटरपाशी आलो आणि आतून कुकरची शिट्टी झाली!

दुसरी शिट्टी झाली. पाठोपाठ सुक्या बोंबलांचा वास.

"दादा," मंदाताई म्हणाल्या, "तुमचा माल शिजला."

शटर वर झालं. आत शेठचे ठाण्याचे व्याही, विहीणबाई, जावई, लेक आणि दोन नातवंडं. तीन आठवड्यांपासून! बांबू बांधले त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनी त्यांना टेम्पोतून आणलेलं. विहीणबाई मला बघून रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं पोलीस आले.

आम्ही सहाही जण तपासले. सगळे ठीक. मग मी हरी शेठना बाजूला घेतलं. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "अर्धा गोदाम मजुरांना देतो. गावात बोलू नका."

मधे निळी ताडपत्री बांधली. इकडे शेठचे व्याही, तिकडे मोखाड्याची टोळी. पूर्ण आवणीभर. आम्ही गावात बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, कुकर बोलत होता!

*

पुढच्या उन्हाळ्यातला किस्सा लाडक्याचा आहे. तो सांगताना कोळेकर आधी हसतात आणि मग चहाचा कप खाली ठेवतात.

दुसरी लाट जोरात होती. लाडक्या रोज सगळ्यांना ओळीनं उभं करायचा आणि स्वतः शेवटी यायचा, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. कोळेकर गन लावायचे. त्र्याण्णव. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव.

"सिस्टर, हा माणूस जिवंत आहे का बघा हो," कोळेकर म्हणाले. गंमत म्हणूनच म्हणाले ते. मी टॉवेल काढायला लावला, हात लावून बघितला तर मान भट्टीसारखी तापलेली! तपासणीच्या आधी तो ओढ्यात डोकं बुडवून यायचा. बोटाला ऑक्सिमीटर लावला. शहाऐंशी.

"लाडक्या, आत्ताच्या आत्ता कोविड सेंटरला जायचं."

"मी न्हाय जानार. तिथं गेलेला परत येत न्हाय. गाठोडं येतं."

"येतो. मी सांगते ना."

"तुमी सांगता. तुमी मना ओळखता का? मी तुमाला ओळखतो का?"

बरोबरच होतं त्याचं. वर्षभर त्याच्या कपाळाला गन लावत होते, पण त्याला बायको आहे का, मुलं किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. तो खाली बसला. धाप लागत होती. टोळीतली माणसं लांबून बघत होती. त्यांनी त्याला उचलून मोखाड्याला नेलं असतं तर वाटेतच गेला असता.

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. "हे माझं सरकारी कार्ड. हे नसलं तर मला नाक्यावर पोलीस सोडत नाहीत. तू ठेव. मला परत आणून द्यायचं, तूच. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घेणार नाही."

त्यानं कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फोटो जुळतोय का ते बघितलं! मग ॲम्ब्युलन्समध्ये चढला.

त्यानंतरचे दिवस मी नाक्यावर रोज अडकत होते. "मॅडम, कार्ड?" "हरवलंय." "रोज हरवतं का?" आणि सेंटरचा फोन कधी लागायचा, कधी नाही. मंदाताई रोज सकाळी माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचे. तिकडे टोळीतला एक जण स्पष्टच म्हणाला, "बाईनं त्याला फसवून पाठवला."

अकराव्या दिवशी लाडक्या उपकेंद्राच्या पायरीवर बसलेला दिसला. अर्धा झाला होता. गळ्यात कार्ड, त्यावर माझा फोटो. मंदाताई आत पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

"काय रे, त्रास झाला का तिथे?" कोळेकरांनी विचारलं.

"मना कुठला तरास? गळ्यात कार्ड बघून सगळी मलाच औषध मागत होती!" लाडक्या कार्ड काढून माझ्या हातात देत म्हणाला. "एक म्हातारा तर मना शेवटपर्यंत सिस्टर म्हनत होता."

तो म्हातारा त्याच्या शेजारच्या खाटेवर होता. तो घरी गेला नाही. त्याच्याबद्दल लाडक्या त्या दिवशी तेवढंच बोलला आणि नंतर कधीच नाही.

*

आणि आता लसीचा. हा सगळ्यात शेवटी सांगायचा असतो, कारण यानंतर कोळेकर दुसरा किस्सा ऐकूनच घेत नाहीत.

शेतमजुरांना लस द्यायला आम्ही बॉक्स घेऊन थेट हरी शेठच्या शेतावर गेलो. पुन्हा आवणीचे दिवस. टोळी एका बांधावर, शेठ दुसऱ्या बांधावर. मध्ये मी, प्लास्टिकच्या स्टुलावर.

लाडक्या म्हणाला, "आधी शेठला द्या. त्याला काय झालं न्हाय, तर आमी घेतो."

शेठ पलीकडून ओरडले, "आधी त्यांना द्या! त्यांना काय झालं न्हाय, तर मी घेतो!"

"शेठ शिकलेला हाय, त्यानं घ्यावी."

"टोळीची मानसं काटक असतात, त्यांनी घ्यावी!"

अर्धा तास हेच! एका बांधावरून दुसऱ्या बांधाकडे नुसतं बघणं चाललेलं. ज्या लाडक्याला आम्ही मरणातून परत आणलं, तोही हटेना. कुजबुज तर विचारू नका. लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो, बायकांना मूल होत नाही, आणि सरकार फुकट देतंय म्हणजे यात काहीतरी आहेच. मंदाताईंनी स्वतःचं सर्टिफिकेट दाखवलं. "तुमी सरकारच्याच," असं उत्तर आलं. कोळेकरांनी दंड दाखवला. "तो तर कुणाचाबी दंड असंल!"

शेवटी चिखलातून जनी वर आली. हात धुतले, पदर खोचला, स्टुलासमोर येऊन उभी राहिली. "ह्या दोघांचं व्हईपर्यंत भात कापायला येईल. द्या मना."

दिली. ती गेली परत आवणीला.

दोन्ही बांधांवर तोडगा निघाला. आठ दिवस जनीला बघायचं. तिला काही झालं नाही, तर दोघंही घेणार!

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर जनी आंब्याखाली पोत्यावर बसलेली. हातात चहाचा कप, स्टीलचा, शेठच्या घरातला. समोर शेठ उभे.

"कसं वाटतं गं जनी?"

"जरा अंग मोडून येतं, शेठ."

मी तपासलं. थोडा ताप होता, पहिल्या दिवशी असतोच. गोळी दिली.

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता. शेठ चहाबरोबर बिस्किटं घेऊन आले होते. "आज कसं वाटतं?"

"ताप न्हाय. पन चक्कर येते."

मी बीपी बघितलं. माझ्यापेक्षा चांगलं!

चौथ्या दिवशी लाडक्यानं तिच्यासाठी रोपं वाहायला दुसरी बाई लावली. पाचव्या दिवशी शेठच्या बायकोनं तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण पाठवलं. "पोटाला काही लागतं का विचार," असा निरोपही पाठवला. सहाव्या दिवशी खुद्द शेठनी खुर्ची आणली. चपला आणि खुर्ची, दोन्ही फक्त त्यांचीच असायची बांधावर. जनी खुर्चीत बसली.

कोळेकरांना राहवेना. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिस्टर, हिला काही झालेलं नाही. मला पहिल्यापासून डाउट आहे."

"मलाही आहे," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन सांगता का?"

ते गेले नाहीत.

आठव्या दिवशी सकाळीच दोन्ही बांध भरले. शेठ, लाडक्या, सगळी टोळी. शेठनी विचारलं, "जनी, खरं सांग. आज कसं वाटतं?"

जनीनं सावकाश चहा संपवला, कप खाली ठेवला, खुर्चीतून उठली, हात-पाय झटकून बघितले.

"आज बरं वाटतं," ती म्हणाली. जरा नाराजीनंच.

एकच गलका! शेठनी बाही वर केली. लाडक्यानं केली. त्या दिवशी सगळी टोळी आणि शेठचं अख्खं घर झालं. माझ्याकडच्या सुया संपल्या, पुन्हा आणायला लागल्या. आम्ही बॉक्स आवरून निघालो, तर जनी चिखलातून पळत पळत मागे आली.

"सिस्टर! ओ सिस्टर!"

मी घाबरले. वाटलं, आता खरंच काहीतरी झालं. "काय गं? काय होतंय?"

जनीनं मागे वळून शेठ ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, "तो दुसरा डोस कधी हाय?"